फॅमिली डॉक्टर निवडायचा तर नेमकं काय बघायचं?

पावसाळ्यातली रात्र आहे. वर्तकनगरमधल्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये नुकतंच राहायला आलेलं कुटुंब डोळ्यासमोर आणा. मुलाच्या अंगात १०२ ताप. घड्याळात साडेनऊ. आई सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारते, "जवळपास चांगला डॉक्टर सांगा ना कोणीतरी." पाच मिनिटांत सात नावं येतात. एक जण म्हणतो, यांच्या एका डोसात उतरतं. दुसरी म्हणते, तिकडे नको, उगाच टेस्ट लिहून देतात. तिसरा थेट मोठ्या हॉस्पिटलचं लोकेशन टाकतो. बाबा तोवर गुगल मॅप्सवर तारे मोजत बसलेले असतात.

शेवटी सगळे जातात कुठे, तर जो दवाखाना उघडा सापडतो तिथे.

हे दृश्य ठाण्यात घरोघरी घडतं, पण वर्तकनगरसारख्या भागात त्याला एक वेगळं कारणही आहे. म्हाडाची जुनी वसाहत, आजूबाजूचं शिवाईनगर, लोकमान्यनगर, पोखरण रोडच्या बाजूने वाढलेली वस्ती, या सगळ्या पट्ट्यात एकेकाळी डॉक्टर शोधावा लागत नसे. तो बिल्डिंगखालच्या गाळ्यात बसायचा. बाहेर बाकडं, आत पडदा, कंपाउंडरच्या हातात कागदाची पट्टी चिकटवलेली औषधाची बाटली. आजोबांचा बीपी, आईची थायरॉईडची गोळी आणि धाकट्याला पेनिसिलिनचं वावडं आहे ही माहिती त्या एका माणसाच्या डोक्यात असायची. मग इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या. काही कुटुंबं भाड्याने घोडबंदरकडे गेली, काही कळव्याला, काही परतलीच नाहीत. नव्या टॉवरमध्ये नवे लोक आले. जुने डॉक्टर निवृत्त झाले, त्यांची मुलं स्पेशालिस्ट झाली किंवा परदेशी गेली. घराचा पत्ता बदलला की बँकेत, गॅस एजन्सीत, आधारवर आठवणीने बदल केला जातो. डॉक्टरचा विचार मात्र पहिला ताप येईपर्यंत कोणी करत नाही.

आणि तापाची रात्र ही डॉक्टर निवडायची सगळ्यात वाईट वेळ आहे.

मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर असताना फॅमिली डॉक्टर हवाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. ठाण्यात आज जवळजवळ प्रत्येक अवयवाचा स्पेशालिस्ट मिळतो. छातीत दुखलं की हृदयविकारतज्ज्ञ, पोटात दुखलं की पोटाचा. अडचण अशी, की छातीत दुखण्यामागे हृदय असू शकतं, आम्लपित्त असू शकतं, बरगडीचा स्नायू असू शकतो किंवा नोकरी जाण्याची भीतीही असू शकते. आपलं दुखणं कोणत्या खात्यात मोडतं हे रुग्णाने स्वतः ठरवायचं, ही पद्धत मुळात उलटी आहे. ते ठरवणं हेच फॅमिली डॉक्टरचं काम.

पण त्याहून मोठं कारण आहे ओळखीचं. यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले होते. रुग्ण वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे जात राहिला तर मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं, असं त्यातल्या १८ अभ्यासांत आढळलं. नॉर्वेतला २०२२ चा अभ्यास तर सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला आहे. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता, डॉक्टर बदलून वर्षच झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. हॉस्पिटलात दाखल होण्याचं आणि रात्री-अपरात्री इमर्जन्सीत धावण्याचं प्रमाणही जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

नॉर्वेत प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे सरकारदरबारी एक डॉक्टर लिहिलेला असतो. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे ठाण्याला लावता येणार नाहीत. तरी त्यामागचं कारण समजायला सोपं आहे. जो डॉक्टर तुम्हाला दहा वर्षं बघतोय त्याला तुमचा आजचा चेहरा नेहमीसारखा नाही हे दारातच कळतं. नव्या डॉक्टरला ते कळायला तीन टेस्ट लागतात.

पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ काय?

इथून खरी गुंतागुंत सुरू होते. वर्तकनगर नाक्यापासून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चाललं तर 'डॉ.' लिहिलेल्या बऱ्याच पाट्या दिसतील. त्याखालची अक्षरं मात्र वेगवेगळी. एमबीबीएस म्हणजे आधुनिक वैद्यक, ज्याला आपण सर्रास ॲलोपॅथी म्हणतो. बीएएमएस म्हणजे आयुर्वेद, बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी, बीयूएमएस म्हणजे युनानी. चौघांचंही शिक्षण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांच्या आसपास, चौघांनाही नावाआधी 'डॉ.' लावता येतं. पण शिकवलेलं शास्त्र वेगळं आणि नोंदणी करणारी संस्थाही वेगळी. एमबीबीएसची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे.

नुसतं 'एमडी' लिहिलेलं असेल तर एक प्रश्न विचारायलाच हवा: कशात एमडी? आयुर्वेदातही एमडी असते, होमिओपॅथीतही. आणि 'बीईएमएस', 'इलेक्ट्रोपॅथी', 'आल्टरनेटिव्ह मेडिसिन' अशी अक्षरं दिसली तर परत फिरलेलं बरं. या नावांच्या प्रमाणपत्रांवर ॲलोपॅथीची औषधं लिहिता येत नाहीत.

मग बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर ॲलोपॅथीची गोळी कशी देतात? महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये एका अधिसूचनेद्वारे आयुर्वेदाच्या ठरावीक नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायची वाट मोकळी करून दिली. पुढे त्यात बदल झाले आणि अट अशी राहिली, की जेवढं प्रशिक्षण मिळालं तेवढ्याच मर्यादेत. होमिओपॅथीचं प्रकरण आणखी वादाचं. राज्याने २०१४ मध्ये कायद्यात बदल केला आणि 'सीसीएमपी' नावाचा औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथींना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधं देता येतील, असं ठरवलं. २०२५ मध्ये या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये करायचा निर्णय झाला, विरोधामुळे थांबला, पुन्हा पुढे सरकला. १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला तो याच कारणासाठी. वाद उच्च न्यायालयातही गेलेला आहे.

हा वाद डॉक्टरांच्या दोन गटांमधला वाटतो, पण त्याची किंमत रुग्णाने मोजल्याचं एक प्रकरण मुंबईतलंच आहे. जुलै १९९२ मध्ये एका पस्तिशीतल्या नोकरदाराला ताप आला. ज्यांच्याकडे तो गेला ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांनी आधी व्हायरल ताप म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून ॲलोपॅथीची औषधं दिली. तब्येत बिघडत गेली, आधी एका नर्सिंग होममध्ये आणि मग मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, आणि तिथे पोहोचल्यावर काही तासांतच तो गेला. पत्नी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की ज्या शास्त्राचं शिक्षण आणि नोंदणी नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. तीन लाख रुपये भरपाई मिळाली. 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या नावाने हा निकाल आजही वैद्यकीय खटल्यांमध्ये उद्धृत होतो.

याचा अर्थ बीएएमएस डॉक्टर वाईट, असा कोणी काढू नये. ठाणे, कळवा, डोंबिवलीतल्या कित्येक वस्त्यांत पहिला डॉक्टर हाच असतो, आणि आपली मर्यादा ओळखून वेळेवर पुढे पाठवणारा बीएएमएस हा ऐकून न घेणाऱ्या एमबीबीएसपेक्षा घराच्या जास्त कामाचा. रुग्णाला एवढंच माहीत हवं, की समोरचा माणूस काय शिकलाय. ते लपवावंसं वाटणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये.

तपासायचं कसं, आणि तपासायला का हवं?

अनेकांचा समज असतो, की दवाखाना उघडलाय म्हणजे महापालिकेने परवानगी दिलीच असेल. इथे एक फट आहे. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. तो खाटा असलेल्या रुग्णालयांना लागू होतो. एका खोलीचा, खाट नसलेला दवाखाना त्यात बसत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा छोट्या क्लिनिकनाही कवेत घेतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे गाळ्यातल्या दवाखान्याची नाही, फक्त त्यात बसलेल्या माणसाची नोंदणी असते. बोगस डॉक्टर सापडल्याच्या बातम्या ठाणे-कल्याण पट्ट्यातून अधूनमधून येत राहतात त्या याचमुळे. तक्रार आली तर महापालिकेचा आरोग्य विभाग कारवाई करतो. तोवर वर्षं गेलेली असतात.

तपासणं मात्र दोन मिनिटांचं काम आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार प्रत्येक एमबीबीएस डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, सर्टिफिकेट, पावती या सगळ्यांवर छापायचा असतो. नव्या नोंदण्यांचा क्रमांक साधारण वर्ष, महिना आणि मग आकडा अशा क्रमाने असतो. २०११ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर डॉक्टरांची नोंदणी त्या वर्षीची, हे लगेच कळतं. हा क्रमांक किंवा नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतं. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरला शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात, म्हणून नूतनीकरण झालंय का हेही पाहावं. २०२५ मध्ये कौन्सिलने 'नो युवर डॉक्टर' नावाने क्यूआर कोडची सोय आणली. दवाखान्यात तो लावलेला असेल तर फोनवर स्कॅन करून डॉक्टरची पदवी आणि नोंदणी दिसते. यूपीआयचा कोड स्कॅन करायला आपण लाजत नाही, हाही करायला लाजू नये.

पहिल्या भेटीत काय बघायचं?

पदवी खरी निघाली म्हणजे डॉक्टर चांगला निघाला असं नाही. मुंबई आणि पाटण्यात २०१४-१५ मध्ये एक प्रयोग झाला. संशोधकांनी प्रशिक्षण दिलेल्या लोकांना खोटे रुग्ण बनवून खासगी डॉक्टरांकडे पाठवलं. तक्रार साधारण अशी: काही आठवडे खोकला, थोडा ताप. म्हणजे क्षयाचा संशय यायलाच हवा. थुंकीची तपासणी, एक्स-रे किंवा योग्य ठिकाणी पाठवणं यापैकी काहीतरी व्हायला हवं होतं. ते झालं साधारण एक तृतीयांश भेटींमध्येच. एमबीबीएस डॉक्टरांची कामगिरी इतरांपेक्षा चांगली होती, पण तिथेही चुका भरपूर होत्या.

कारणांपैकी एक म्हणजे वेळ. ६७ देशांतल्या पाहणीचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास. संध्याकाळी सातला बाहेर तीस नंबर बसलेले असताना कोणत्याही डॉक्टरकडून अर्ध्या तासाची अपेक्षा करणं व्यवहारी नाही. पण दोन मिनिटंही बऱ्या-वाईट रीतीने वापरता येतात, आणि तो फरक बाकड्यावर बसलेल्या सामान्य माणसालाही दिसतो.

जुलैमधला ताप घ्या. ठाण्यातल्या डॉक्टरने अशा वेळी तीन-चार गोष्टी विचारायलाच हव्यात. ताप कितवा दिवस? थंडी वाजून येतो का? लघवीला नीट होतंय का? आणि गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चाललात का? शेवटचा प्रश्न लेप्टोस्पायरोसिससाठी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसराने हा आजार चांगलाच अनुभवला आहे. पहिल्याच दिवशी आजार ओळखता येईल असं नाही. तसा दावा करणाऱ्यापेक्षा "आज दुसरा दिवस आहे, पॅरासिटामॉल चालू ठेवा, पाणी भरपूर प्या, उद्यापर्यंत ताप राहिला तर रक्त तपासू" असं सांगणारा डॉक्टर जास्त भरवशाचा.

त्यापुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं असतं: परत कधी यायचं. डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात, चला, उतरला एकदाचा. आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा ही लक्षणं येऊ शकतात. जो डॉक्टर ही लक्षणं आधीच सांगून ठेवतो आणि "यातलं काही दिसलं तर माझी वाट न बघता हॉस्पिटलात जा" म्हणतो, त्याने आपलं काम केलं. त्याच तापात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, हे बजावणाराही. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता एका नाजूक मुद्द्याकडे. आपल्याकडे चांगल्या डॉक्टरची जनमान्य व्याख्या आहे 'हाताला गुण असलेला', म्हणजे एका इंजेक्शनात उभं करणारा. सलाइन लावलं की तरतरी येते, हा तर घरोघरचा विश्वास. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतं काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. तोंडाने खाता-पिता येत असेल तर हेच काम मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएसचं पाकीट करतं. झटपट गुण येण्यामागे कधीकधी स्टेरॉइड असतं. ताप, सूज, दम सगळं दाबलं जातं, पण मूळ संसर्ग तिथेच राहतो. सर्दी-खोकल्याला दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक देणाराही असाच लोकप्रिय होतो. बहुतेक सर्दी विषाणूची असते, आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. "औषध नको, तीन दिवसांत आपोआप जाईल" म्हणून फी घेणाऱ्या डॉक्टरवर लोक चिडतात. खरं तर त्याने त्या फीत सगळ्यात कठीण काम केलेलं असतं.

यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. "डॉक्टर, सुई मारा ना, उद्या ऑफिस आहे" हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. नाही म्हटलं तर रुग्ण पुढच्या गाळ्यात जातो.

आणखी एक बारीकशी खूण. तुम्ही खोकल्यासाठी गेलात, वय चाळीस आहे, आणि डॉक्टरांनी जाता जाता बीपी मोजलं, तंबाखूबद्दल विचारलं, घरात कोणाला मधुमेह आहे का ते लिहून घेतलं. हा डॉक्टर आजच्या खोकल्याच्या पुढचं बघतोय. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतात, म्हणून सरकारी कार्यक्रमातही तिशीपासून तपासणी सुरू होते.

पुडीत काय आहे?

जुन्या पद्धतीचे डॉक्टर अजूनही औषध स्वतः देतात. कागदात तीन गोळ्या, एक पांढरी, एक अर्धी पिवळी, एक गुलाबी. सकाळ-संध्याकाळ. ठाण्यातल्या जुन्या वस्त्यांत फी आणि औषध मिळून एकच रक्कम घ्यायची ही रीत परवडणारी आहे, आणि अनेक चांगले डॉक्टर ती पाळतात. अडचण येते ती तिसऱ्या दिवशी, जेव्हा रात्री त्रास वाढतो आणि हॉस्पिटलातला डॉक्टर विचारतो, आधी काय दिलंय? "पिवळी गोळी" हे उत्तर त्याच्या उपयोगाचं नसतं. त्यात अँटिबायोटिक होतं की स्टेरॉइड, किती मिलिग्रॅम, हे कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवणं अवघड. किडनीचा आजार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना तर ही माहिती जिवाची असू शकते.

म्हणून एवढंच म्हणायचं: "डॉक्टर, औषधांची नावं कागदावर लिहून द्याल का?" चांगला डॉक्टर लिहून देतो. कुरकुर करतो पण देतो. जो देतच नाही, त्याची पुडी खिशात ठेवून दुसरा डॉक्टर शोधावा.

पुढे पाठवणारा डॉक्टर कुणाचा?

फॅमिली डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलच्या दारावरचा राखणदार. तो कोणाकडे पाठवतो यावर घराचे हजारो, कधी लाखो रुपये अवलंबून असतात. आणि इथेच 'कट' हा शब्द येतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या नियमांत स्पष्ट निषिद्ध आहे. तरी प्रथा आहे हे डॉक्टरच सांगतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचं विंचूदंशावरचं काम जगभर गाजलं आणि ज्यांना पुढे पद्मश्री मिळाली, त्यांना २०१३ मध्ये एका निदान केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. कशाबद्दल, तर एका रुग्णाला तिथे तपासणीसाठी पाठवल्याबद्दल. त्यांनी तो खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने 'डॉक्टरांना कमिशन नाही' असे फलक लावले, त्यावर डॉक्टरांच्या संघटना भडकल्या. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. कायदा काही झाला नाही.

रुग्णाला कमिशन दिसत नाही. पण काही गोष्टी दिसतात. डॉक्टर नेहमी एकाच लॅबचं नाव घेतो आणि दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट बघायलाही तयार नसतो का? की दोन-तीन पर्याय देऊन "तुम्हाला जवळ पडेल तिथे करा" म्हणतो? या तपासणीने उपचारात काय बदलेल, असं विचारल्यावर उत्तर मिळतं का? दुसरं मत घ्यायचं म्हटलं तर चेहरा पडतो का? ऑपरेशन सांगितल्यावर फॅमिली डॉक्टर स्वतः रिपोर्ट वाचून "थोडं थांबलं तरी चालेल" किंवा "उद्याच करा" असं ठाम काही बोलतो का?

बाकी व्यवहार

अंतर महत्त्वाचं. कितीही नावाजलेला डॉक्टर स्टेशनजवळ असेल आणि सत्तरीच्या आजीला रिक्षाने ट्रॅफिकमधून न्यावं लागत असेल, तर महिन्याच्या बीपीच्या तपासणीला दांडी पडणार. चालत दहा मिनिटांत पोहोचता येईल असा साधा डॉक्टर तिच्यासाठी बरा. रविवारी आणि रात्री काय करायचं, फोनवर बोलता येतं का, अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर घरी येतात का, डॉक्टर गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण बघतं, हे आधी विचारून घ्यावं. फोनवरच्या सल्ल्याला मार्च २०२० पासून अधिकृत नियमावली आहे, त्यामुळे ओळखीच्या रुग्णाला डॉक्टरने व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी पाठवणं यात गैर काही नाही. घरातल्या मुलींना, बायकांना ज्या डॉक्टरशी मोकळेपणाने बोलता येईल असा डॉक्टर हवा, ही गरज पुरुषांनी ठरवलेल्या 'आपल्या डॉक्टर'मध्ये बऱ्याचदा राहून जाते.

फी आधी विचारायला संकोच वाटतो. पण उपचारांआधी फी सांगणं हे नियमाने डॉक्टरचंच काम आहे. खासगी परवडत नसेल तर ठाणे महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, क्षयाची औषधं तिथे मिळतात आणि क्षयाचे उपचार तर पूर्ण मोफत. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेचाही हेतू हाच, वस्तीजवळ मोफत बाह्यरुग्ण सेवा. तिथे एक उणीव अशी, की डॉक्टर बदलत राहतात, म्हणजे ओळखीचा फायदा कमी मिळतो. तो फायदा ओळखीचा डॉक्टर देतो, हे करोनात शेजारच्या कल्याण-डोंबिवलीने पाहिलं. तिथल्या महापालिकेने खासगी डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेऊन 'डॉक्टर आर्मी' उभी केली, कारण लोक आपल्या नेहमीच्या डॉक्टरचं ऐकतात.

आणि डॉक्टर बदलायचा कधी? तोच त्रास तीनदा घेऊन गेलात आणि तिन्ही वेळा न तपासता तेच औषध मिळालं, प्रश्न विचारल्यावर "डॉक्टर तुम्ही की मी?" असं ऐकावं लागलं, किंवा तुमची गोष्ट बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू गेली, तर कारण पुरेसं आहे. गुण लवकर आला नाही, हे एकटं कारण मात्र पुरेसं नाही.

वर्तकनगरच्या त्या कुटुंबाचं म्हणाल, तर मुलाचा ताप उतरल्यानंतरचा एखादा कोरडा शनिवार त्यांच्या कामाचा. बीपी मोजायच्या निमित्ताने एका दवाखान्यात जाऊन यायचं, पाटी वाचायची, क्रमांक तपासायचा, दोन प्रश्न विचारायचे. नाही पटलं तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे. आणि ज्यांची जुनी इमारत आता रिकामी होणार आहे, त्यांनी सामान बांधण्याआधी आपल्या जुन्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारावी आणि घरातल्या प्रत्येकाचे जुने आजार, चालू औषधं, वावडी आणि झालेली ऑपरेशनं एका कागदावर लिहून मागावीत. हॉस्पिटलात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचं बंधन डॉक्टरवर आहे. बाह्यरुग्णाच्या चिठ्ठ्यांना ते बंधन लागू नाही. त्या जपल्या तर घरच्या फाइलनेच.